मोमेंटम निर्देशक: दिशेच्या इशाऱ्याकडून परिस्थितीच्या गाळणीकडे

दिवसाच्या आत खरेदी-विक्री पुरी करणाऱ्या व्यापाऱ्यापुढे रोज दोन प्रश्न असतात. भाव कुठल्या बाजूला जाणार, हा पहिला. आणि आज बाजारात सौदा करण्याजोगी हालचाल आहे का, हा दुसरा. मोमेंटम निर्देशकांची, म्हणजे भावाचा वेग मोजणाऱ्या आकड्यांची, ओळख बहुतेकांना पहिल्या प्रश्नातून होते: आरएसआय (अलीकडच्या एकूण चढउतारात चढाचा वाटा किती, हे शून्य ते शंभरात सांगणारा आकडा) तिसाच्या खाली आला की घ्यावे, सत्तरच्या वर गेला की विकावे. या निर्देशकांचा इतिहास नीट तपासला तर मात्र असे दिसते की त्यांचा अधिक भक्कम उपयोग दुसऱ्या प्रश्नासाठी, म्हणजे सौद्याजोगी नसलेली परिस्थिती वगळणारी गाळणी म्हणून, आहे आणि आरएसआय ज्यांनी तयार केला त्यांनीही या दुसऱ्या प्रश्नावर बरेच कष्ट घेतले होते. त्यांच्या कामाचा हा भाग मागे पडला आणि तिसा-सत्तरचा नियम तेवढा सर्वदूर पोहोचला, याची मला खंत वाटते.

गतीची जाणीव निर्देशकांच्या कितीतरी आधीची आहे. १८६७ मध्ये एडवर्ड कॅलहन यांचे स्टॉक टिकर यंत्र न्यूयॉर्कमध्ये सुरू झाले आणि भाव कागदाच्या अरुंद पट्टीवर छापून दलालांच्या कचेऱ्यांत पोहोचू लागले. पट्टी वाचणारा माणूस केवळ आकडे पाहत नसे. यंत्राची टकटक किती जलद चालली आहे, एकाच भावावर किती सौदे होत आहेत, भाव पुढे सरकताना सौद्यांचे आकारमान वाढते आहे की आटते आहे, हेही तो टिपत असे. रिचर्ड वायकॉफ यांनी १९१० च्या सुमारास या वाचनाची पद्धतशीर मांडणी केली. सौदे फार वाढले की पट्टी मागे पडे. २४ ऑक्टोबर १९२९ रोजी न्यूयॉर्क शेअर बाजारात सुमारे १ कोटी २९ लाख शेअर्सची उलाढाल झाली, आणि बाजार तीन वाजता बंद होऊनही पट्टीवर शेवटचा भाव उमटेपर्यंत संध्याकाळचे सात वाजून गेले होते. पट्टीला किती उशीर होतो आहे यावरूनच आजचा दिवस नेहमीचा नाही, हे कळत असे.

गती आकड्यांत पकडण्याचे प्रयत्न त्यानंतरचे. आजच्या भावातून दहा दिवसांपूर्वीचा भाव वजा केला की साधे मोमेंटम मिळते. तोच फरक जुन्या भावाच्या टक्केवारीत मांडला की बदलाचा दर मिळतो. गणित सोपे असले तरी त्यावरून निष्कर्ष काढणे सोपे नव्हते. आल्फ्रेड काउल्स आणि हर्बर्ट जोन्स यांनी १९३७ मध्ये शेअर निर्देशांकांच्या जुन्या आकड्यांवरून असे दाखवले की एका महिन्यात वर गेलेला बाजार पुढच्या महिन्यातही वर जाण्याकडे झुकतो. तेवीस वर्षांनी, १९६० मध्ये, हॉलब्रुक वर्किंग यांनी लक्षात आणून दिले की महिन्याचे सरासरी भाव घेतले की पूर्णपणे यादृच्छिक मालिकेतसुद्धा लागोपाठच्या बदलांमध्ये नाते दिसू लागते. ते नाते बाजाराचे नसते, सरासरीने निर्माण केलेले असते. काउल्स यांनी त्याच वर्षी आपले निष्कर्ष सुधारून मांडले. चलसरासरीवर, म्हणजे रोज पुढे सरकणाऱ्या ठरावीक कालावधीच्या सरासरीवर, आधारलेला कोणताही निर्देशक वापरणाऱ्याने हा प्रसंग मुद्दाम लक्षात ठेवावा, कारण आलेखावरच्या गुळगुळीत रेषेत दिसणारे सातत्य काही अंशी त्या गुळगुळीत करण्याच्या क्रियेतूनच आलेले असते.

शिकागोमध्ये १९५० च्या दशकात जॉर्ज लेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्टोकॅस्टिक हा निर्देशक रूढ केला. ठरावीक कालावधीतल्या सर्वोच्च आणि नीचतम भावांच्या पट्ट्यात आजचा बंद भाव कुठे बसतो, एवढेच तो सांगतो. नीचतम भाव २००, सर्वोच्च २१२ आणि बंद भाव २०९ असेल, तर बारापैकी नऊ म्हणजे ७५. लेन यांचे म्हणणे असे की भाव वळण्याआधी त्याचा वेग वळतो. वर फेकलेल्या चेंडूच्या बाबतीत हे खरेच आहे. खाली येण्याआधी तो मंदावतो. पण बाजारातला भाव मंदावून पुन्हा वेग घेतो, आणि असे कितीतरी वेळा होते. म्हणून वेग मंदावला ही बातमी खरी ठरते, तरी त्यावरून काढलेला ‘आता भाव उलटणार’ हा निष्कर्ष वारंवार चुकतो.

जे. वेल्स वाइल्डर यांच्या कामापाशी थोडे थांबायला हवे. शिक्षणाने यंत्र अभियंते असलेले वाइल्डर स्थावर मालमत्तेच्या व्यवसायातून कमोडिटी वायद्यांकडे वळले. त्यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एकाच पुस्तकात आरएसआय, सरासरी खरा पल्ला म्हणजे एटीआर (भाव दिवसात सरासरी किती वरखाली होतो याचे माप), कल उलटण्याच्या पातळ्या दाखवणारा पॅराबोलिक एसएआर आणि दिशात्मक हालचालीची पद्धत, म्हणजे एडीएक्स, असे आजही सर्वत्र वापरले जाणारे निर्देशक एकत्र आले. ही गणिते कागदावर आणि हातातल्या गणकयंत्रावर रोज करता यावीत, अशी त्यांची रचना होती. म्हणूनच त्यांची सरासरी विशिष्ट पद्धतीची आहे: कालच्या सरासरीला १३ ने गुणावे, त्यात आजचा आकडा मिळवावा आणि १४ ने भागावे. मागच्या चौदा दिवसांचे आकडे पुन्हा मांडण्याची गरज उरत नाही. कालचा एक आकडा जपून ठेवला की काम भागते. चौदा ही संख्या त्यांनी अठ्ठावीस दिवसांच्या आवर्तनाचा अर्धा भाग म्हणून घेतली होती.

एडीएक्सचे वैशिष्ट्य असे की तो दिशा सांगतच नाही. भाव जोराने चढत असो वा जोराने कोसळत असो, दोन्ही वेळा एडीएक्स वर जातो. भाव जागच्या जागी घुटमळत राहिला की खाली येतो. या मापाची सौम्य केलेली पातळी २५ च्या वर असेल तर कलानुसार चालणाऱ्या पद्धती उपयोगी पडतात आणि २० च्या खाली असेल तर त्या वापरू नयेत, अशा आशयाचे मार्गदर्शन वाइल्डर यांनी केले होते. त्यापुढे जाऊन त्यांनी कमोडिटी निवडीचा एक निर्देशांकही दिला होता, ज्यात दिशात्मक हालचाल, एटीआर, लागणारे मार्जिन (सौद्यासाठी ठेवावी लागणारी अनामत) आणि दलाली हे सारे एका सूत्रात गुंफून कोणत्या मालात सौदा करणे परवडेल याचा क्रम लावला जाई. परिस्थितीच्या गाळणीचा याहून स्पष्ट नमुना त्या काळात मला दुसरा दिसत नाही. त्यात खर्च धरलेला आहे, हे विशेष. हालचाल कितीही चांगली असली तरी ती खर्चाला पुरून उरत नसेल तर तो दिवस व्यवहाराचा नव्हे.

याच सुमारास जेराल्ड अपेल यांनी दोन चलसरासऱ्यांमधला फरक पाहणारा एमएसीडी मांडला आणि त्याचे १२, २६ व ९ हे कालावधी रूढ झाले. १९८० च्या दशकाच्या मध्यास अलेक्झांडर एल्डर यांनी मोठ्या कालावधीच्या आलेखावरचा मोमेंटम पाहून लहान कालावधीतले सौदे गाळण्याची तिहेरी पद्धत मांडली. मोठा आलेख चढता असेल तर लहान आलेखावर फक्त खरेदीच्या संधी पाहायच्या, विक्रीचे इशारे सोडून द्यायचे. इथे तोच निर्देशक एका आलेखावर इशारा आहे आणि दुसऱ्यावर गाळणी.

मात्र यांतले बहुतेक निर्देशक दिवसाच्या बंद भावांवर घडले होते. सामान्य व्यापाऱ्याला दिवसात अनेकदा आत-बाहेर करणे परवडण्याजोगे झाले ते नंतर आणि टप्प्याटप्प्याने. अमेरिकेत १ मे १९७५ रोजी ठरावीक दलालीची पद्धत संपली. १९८७ च्या घसरणीत मार्केट मेकर (सतत खरेदी-विक्रीचे भाव देणारे व्यापारी) फोन उचलत नसल्याच्या तक्रारी झाल्या आणि १९८८ पासून नॅस्डॅक या अमेरिकी शेअर बाजारावर लहान ऑर्डर आपोआप पुऱ्या करण्याच्या व्यवस्थेत सहभागी होणे मार्केट मेकरांना सक्तीचे झाले. डे ट्रेडरांची पहिली मोठी पिढी या व्यवस्थेवर उभी राहिली. २००१ मध्ये भाव अपूर्णांकांऐवजी सेंटांत लागू लागले. त्याच वर्षी वारंवार डे ट्रेडिंग करणाऱ्यांसाठी मार्जिन खात्यात किमान २५,००० डॉलर असण्याची अट आली.

निर्देशक दैनिक आलेखावरून पाच मिनिटांच्या आलेखावर आले, पण चौदाचा आकडा तसाच राहिला. याचा परिणाम प्रत्यक्ष मोजून पाहण्यासारखा आहे. न्यूयॉर्कचा बाजार साडेसहा तास चालतो, म्हणजे पाच मिनिटांच्या ७८ पट्ट्या होतात (इथे पट्टी म्हणजे आलेखावरचा पाच मिनिटांचा एक भाग, टिकरची कागदी पट्टी नव्हे). वाइल्डर यांच्या सरासरीत प्रत्येक नव्या पट्टीगणिक जुन्या आकड्यांचे वजन चौदापैकी तेरा भाग इतके उरते. चौदा पट्ट्यांनंतर, म्हणजे बाजार उघडून ७० मिनिटे झाल्यावरही, त्या सरासरीतले सुमारे ३५ टक्के वजन कालच्या पट्ट्यांचे असते. १४० मिनिटांनी ते साडेबारा टक्क्यांच्या आसपास येते. एडीएक्समध्ये ही सरासरी दोनदा घेतली जाते, त्यामुळे उशीर आणखी वाढतो. दिवसातली सर्वांत जोरदार हालचाल बहुधा पहिल्या तासात होते आणि गाळणी तेव्हा कालच्या दुपारची परिस्थिती सांगत असते. यावर उपाय आहेत: कालावधी कमी करणे, गणना रोज नव्याने सुरू करणे किंवा सकाळपुरता दैनिक आलेखावरचा निर्देशक पाहणे. प्रत्येकाची काही ना काही किंमत मोजावी लागते.

इशारा आणि गाळणी यांतले अंतर किती थोडे आहे, हे एका उदाहरणाने दाखवता येते. एक भाव दहा पट्ट्यांत १०० वरून १०६ वर गेला. पहिल्या वेळी तो एकूण ७ ने चढला आणि १ ने उतरला. दुसऱ्या वेळी २३ ने चढला आणि १७ ने उतरला. साध्या बेरजेने काढलेला आरएसआय पहिल्या वेळी ८ पैकी ७ म्हणजे ८७.५ येतो आणि दुसऱ्या वेळी ४० पैकी २३ म्हणजे ५७.५. पेरी कॉफमन यांचे कार्यक्षमता गुणोत्तर निव्वळ बदलाला एकूण चाललेल्या अंतराने भागते: पहिल्या वेळी ६ भागिले ८ म्हणजे ०.७५, दुसऱ्या वेळी ६ भागिले ४० म्हणजे ०.१५. आता आरएसआयचे ५० पासूनचे अंतर घ्या, ते दुप्पट करा आणि शंभराने भागा. पुन्हा ०.७५ आणि ०.१५ हेच आकडे येतात. म्हणजे त्याच मापातले दिशेचे चिन्ह काढून टाकले की इशाऱ्याची गाळणी होते. आणि त्यामुळेच, ७० च्या वरचा आरएसआय ‘अतिखरेदी’ म्हणून विकायला सांगतो तेव्हा गाळणी म्हणून तोच आकडा भाव फारसा न अडखळता एका बाजूला चालला आहे, असे सांगत असतो. अतिखरेदी या शब्दाने चढत्या बाजारात अनेकांना चुकीच्या बाजूला उभे केले आहे.

टोबी क्रेबेल यांनी १९९० मध्ये याच प्रश्नाकडे उलट्या बाजूने पाहिले. गेल्या सात दिवसांतला सर्वांत अरुंद पल्ल्याचा दिवस शोधायचा आणि त्याच्या पुढच्या दिवशी सुरुवातीच्या पल्ल्याबाहेर भाव पडतो का ते पाहायचे. आकुंचनानंतर प्रसरण येते, ही त्यामागची धारणा. मोमेंटमची गाळणी आधीच सुरू झालेली हालचाल ओळखते, ही पद्धत ती सुरू होण्यापूर्वीच दबा धरून बसते.

अभ्यासकांच्या जगात मोमेंटमला प्रतिष्ठा मिळाली ती नरसिंहन जेगदीश आणि शेरिडन टिटमन यांच्या १९९३ च्या शोधनिबंधाने. १९६५ ते १९८९ या काळात मागच्या सहा महिन्यांतले विजेते शेअर घेऊन पराभूत शेअर विकले असता वर्षाला सरासरी सुमारे १२ टक्के अतिरिक्त परतावा मिळाला असता, असे त्यांना आढळले. पण हे मोमेंटम तीन ते बारा महिन्यांचे आहे. जेगदीश यांनीच १९९० मध्ये दाखवले होते की एका महिन्याच्या अंतराने शेअरचे परतावे उलटण्याकडे झुकतात. तेव्हा महिन्यांच्या मोमेंटमचा दाखला पाच मिनिटांच्या आलेखासाठी देणे योग्य नाही.

गाळणीला आधार मिळतो तो वेगळ्या संशोधनातून. बेन्वा मँडेलब्रॉट यांनी १९६३ मध्ये कापसाच्या भावांचा अभ्यास करताना नोंदवले की मोठ्या बदलांमागून मोठे बदल येतात आणि लहानांमागून लहान, मग त्यांची दिशा कोणतीही असो. रॉबर्ट एंगल यांनी १९८२ मध्ये या गुणधर्माला सांख्यिकी रूप दिले. दिशेबद्दल बाजार फारसे काही सांगत नाही. हालचालीच्या आकाराबद्दल तो बराच बोलतो. शिवाय दिवसाच्या आत या आकाराला घड्याळाची शिस्त असते: उघडताना आणि बंद होताना चढउतार व उलाढाल जास्त, मध्ये ओहोटी. दुपारी एडीएक्स खाली आला तर त्यातला काही भाग त्या दिवसाचा नसून त्या वेळेचा असतो, म्हणून चांगली गाळणी आजच्या दुपारची तुलना इतर दुपारींशी करते, आजच्या सकाळशी नव्हे.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ले गाओ, युफेंग हान, सोफिया झेंगझी ली आणि ग्वोफू झोऊ यांनी अमेरिकेच्या एसअँडपी ५०० निर्देशांकावर आधारित ईटीएफचे (शेअरसारख्या खरेदी-विक्री होणाऱ्या फंडाचे) १९९३ ते २०१३ या काळातले आकडे तपासले. आदल्या दिवशीच्या बंद भावापासून पहिल्या अर्ध्या तासाच्या अखेरीपर्यंतचा परतावा दिवसाच्या शेवटच्या अर्ध्या तासाच्या परताव्याची दिशा काही प्रमाणात सांगतो, असे त्यांना दिसले. हे नाते सर्व दिवशी सारखे नव्हते. ज्या दिवशी चढउतार जास्त, उलाढाल जास्त किंवा मोठी आर्थिक आकडेवारी जाहीर होणार होती, त्या दिवशी ते अधिक ठळक होते.