थकव्याच्या आजाराचा वाद पेशीपर्यंत कसा पोहोचला

लाँग कोविडमुळे क्रॉनिक फटीग सिंड्रोम, म्हणजे विश्रांतीनेही न जाणाऱ्या दीर्घ थकव्याचा आजार, पुन्हा चर्चेत आला, पण हा आजार मनाचा की शरीराचा, हा वाद जुनाच आहे. १९५५ साली लंडनच्या एका रुग्णालयात दोनशेहून अधिक कर्मचारी अशाच आजाराने पडले. १९७० मध्ये दोन मनोविकारतज्ज्ञांनी एकाही रुग्णाशी न बोलता, जुने केसपेपर चाळून तो सामूहिक उन्माद (हिस्टेरिया) ठरवला. हा शिक्का पुढे अनेक वर्षे पुसला गेला नाही.

'विश्रांती घेऊन घेऊन शरीर सुस्तावले आहे, व्यायाम वाढवत नेला की बरे वाटेल' हा सिद्धांत याच वळणाचा. त्यासाठी ब्रिटनमध्ये ६४१ रुग्णांवर मोठी चाचणी झाली. पैसा देणाऱ्यांत सरकारचे अपंगत्व भत्ते देणारे खातेही होते, हे विसरून चालणार नाही. २०११ मध्ये निकाल आले आणि २०१३ मध्ये 'बरे झाले'चा दावा. मेख आकड्यांत होती. शारीरिक क्षमतेच्या शंभरपैकी ६५ किंवा कमी गुण असतील तरच रुग्णाला चाचणीत प्रवेश होता. 'बरे' ठरायला ६० पुरत होते. म्हणजे भरती होतानाच काही जण या कसोटीत पास! मूळ आराखड्यात हीच रेषा ८५ वर होती. निकष मधेच का बदलले, याचे खुलासे झाले, ते अनेकांना पटले नाहीत. २०१६ मध्ये न्यायाधिकरणाच्या आदेशाने कच्ची माहिती बाहेर आली. जुन्या निकषांनी मोजताच व्यायामाचा फायदा जवळपास विरला. २०२१ मध्ये ब्रिटनच्या नव्या मार्गदर्शिकेतून वाढत्या व्यायामाचा उपचार वगळला गेला. तीही आदल्या दिवशी अडवून दोनेक महिन्यांनी प्रसिद्ध झाली.

दरम्यान, लागोपाठ दोन दिवस सायकल चालवायला लावणाऱ्या चाचणीने सुस्तावण्याचा सिद्धांत अडचणीत आणला. बैठे पण निरोगी लोक दुसऱ्या दिवशीही साधारण तेवढेच काम करतात. हे रुग्ण मात्र कमी श्रमातच हात टेकतात. २०१६ मध्ये नॉर्वेतल्या संशोधकांनी रक्तातल्या अमिनो आम्लांवरून साखरेचे इंधन मायटोकाँड्रियात, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या घटकांत, शिरण्याच्या टप्प्यावरच अडथळा असावा, असे सुचवले. २०२३ मध्ये अमेरिकेत रुग्णांच्या स्नायूंत एक प्रथिन वाढलेले आढळले. ते मायटोकाँड्रियाच्या श्वसनसाखळीची, म्हणजे ऑक्सिजन वापरून ऊर्जा बनवणाऱ्या प्रथिनांच्या साखळीची, जुळणी बिघडवते. शांत बसलेल्या रुग्णांच्या पेशींवरचे निष्कर्ष अजूनही एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणूनच २०२४ च्या डच अभ्यासाला महत्त्व आहे: त्यात लाँग कोविडच्या रुग्णांच्या स्नायूचा तुकडा सायकलिंगच्या आधी आणि दुसऱ्या दिवशी, असा दोनदा काढला गेला, आणि दुसऱ्या तुकड्यात ऊर्जानिर्मिती आणखी खालावलेली होती.