मागची कडी नसलेला डबा

आमच्या नात्यातल्या ग्रुपवर मध्यंतरी एक फॉरवर्ड आला. 'समुद्रातल्या स्पंजापासून एड्सचं औषध निघालं, आपल्या पूर्वजांना हे केव्हाच ठाऊक होतं', असा मजकूर, खाली एका चूर्णाची जाहिरात आणि सोबत समुद्रफेसाचा फोटो.

आधी फोटोचं बोलतो. समुद्रफेस हा स्पंज नाही आणि नावाप्रमाणे वाळलेला फेसही नाही. ते माकुळाच्या अंगातलं कवच आहे. कोकणातल्या किनाऱ्यावर पावसाळ्यानंतर हिंडलात तर हमखास सापडेल. नखाने खरवडलं तर खडूसारखी पूड पडते. मोडून कडेला भिंग धरलं तर एकावर एक शेकडो पातळ मजले आणि मजल्यांच्या मधे उभे बारीक खांब दिसतात. सगळं चुन्याचं बांधकाम. या मजल्यांत पाणी किती आणि वायू किती ठेवायचा हे माकूळ ठरवतं आणि त्या जोरावर पाण्यात वर-खाली तरंगतं. एका मऊ, बिनकण्याच्या प्राण्याने रचलेली ही इमारत पाहून मी दर वेळी थक्क होतो. पण एड्सशी तिचा काडीचाही संबंध नाही. एड्स बरा करण्याचा दावा कुठल्याही औषधाला करता येत नाही, हे आपल्या देशातल्या औषधविषयक नियमांच्या 'परिशिष्ट जे'मध्ये स्पष्ट लिहिलेलं आहे. असं चूर्ण विकणारा माणूस आजारी माणसाचे पैसे तर घेतोच, पण त्याहून वाईट म्हणजे त्याचा वेळ घेतो.

स्पंजाच्या गोष्टीत मात्र अर्धं सत्य आहे, आणि पूर्ण सत्य त्या फॉरवर्डपेक्षा कितीतरी सुंदर आहे.

स्पंज हा प्राणी आहे. त्याला तोंड नाही, पोट नाही, मज्जासंस्था नाही. एका जागी रुतून तो अंगातून पाणी गाळत बसतो. पुष्कळ स्पंज पाण्यात विरघळलेली सिलिका वेचून काचेच्या सुया बनवतात. मराठीत त्यांना कंटिका म्हणतात. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळ १९८७ मध्ये अशा काचस्पंजांचे समुद्रतळावर पसरलेले प्रचंड बांध सापडले. जुन्या सांगाड्यांवर नवे स्पंज वाढत वाढत ते हजारो वर्षांत उभे राहिले. तोवर असे बांध फक्त जीवाश्मांतच पाहायला मिळत.

आपल्या गोष्टीतला स्पंज इतका देखणा नाही. फ्लोरिडाजवळच्या एलियट की या बेटालगत, उथळ पाण्यात, अर्धा वाळूत गाडलेला. येल विद्यापीठातले वेर्नर बर्गमन समुद्री प्राण्यांमधल्या रसायनांचा शोध घेत होते. त्यांनी हा स्पंज गरम ॲसिटोनमध्ये घातला तेव्हा त्यातून स्फटिक वेगळे झाले. १९५० च्या आसपास त्यांनी आणि रॉबर्ट फीनी यांनी ते न्यूक्लिओसाइड असल्याचं दाखवलं. न्यूक्लिओसाइड म्हणजे डीएनए आणि आरएनए ज्या घटकांपासून बनतात ते. प्रत्येकात दोन भाग असतात, एक बेस (आनुवंशिक मजकुराचं अक्षर) आणि एक शर्करा. आपल्या पेशींत ही शर्करा रायबोज किंवा डीऑक्सिरायबोज असते. स्पंजातल्या रेणूंमध्ये ती अरॅबिनोज निघाली. फरक म्हणाल तर एवढासा, दुसऱ्या क्रमांकाच्या कार्बनवरचा ऑक्सिजन-हायड्रोजनचा गट खाली असायचा तो वर.

तोवर रसायनशास्त्रज्ञांचा भर बेस बदलून पाहण्यावर होता. शर्करा बदलली तर पेशी तो रेणू ओळखणारच नाही, असं मानलं जाई. स्पंजाने ती समजूत मोडली. पुढच्या दहा वर्षांत प्रयोगशाळांमध्ये शर्करा बदललेले रेणू बनू लागले. त्यातलं सायटाराबिन रक्ताच्या कर्करोगावर आजही दिलं जातं. डेट्रॉइटमध्ये १९६४ साली जेरोम हॉर्विट्झ यांनी कर्करोगासाठीच असा एक रेणू बनवला. त्यांनी थायमिडिन घेतलं आणि शर्करेच्या तिसऱ्या कार्बनवरचा गट काढून तिथे तीन नायट्रोजनचा ॲझाइड गट बसवला. हे ॲझिडोथायमिडिन, म्हणजे एझेडटी, अर्थात झिडोव्ह्युडिन. कर्करोगावर ते चाललं नाही आणि वीस वर्षं बाजूला पडलं.

पुढे एड्सवर चाललं ते हेच औषध. तर एझेडटी स्पंजातून काढलेलं नाही. त्यासाठी लागणारं थायमिडिन सुरुवातीला मिळायचं ते हेरिंगसारख्या माशांच्या शुक्राणूंमधल्या डीएनएपासून! स्पंजाने दिली ती फक्त कल्पना.

आता माझ्या आवडीचा भाग. जरा सावकाश वाचा.

एचआयव्हीची आनुवंशिक माहिती आरएनएमध्ये असते. आपल्या पेशीत शिरल्यावर त्याला ती डीएनएमध्ये उतरवून घ्यावी लागते, तरच ती आपल्या गुणसूत्रात घुसवता येते. हे काम त्याचं रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज नावाचं विकर (एन्झाइम) करतं. डीएनए म्हणजे मालगाडी समजा. प्रत्येक डब्याला पुढे एक आकडा (पाचव्या कार्बनवरचा फॉस्फेट) आणि मागे एक कडी (तिसऱ्या कार्बनवरचा गट). पुढच्या डब्याच्या कडीत मागच्याचा आकडा अडकतो, मग त्याच्या कडीत त्याच्या मागच्याचा. एझेडटी हा असा डबा आहे की ज्याचा आकडा शाबूत आहे, पण मागे कडीच्या जागी तीन नायट्रोजन. विकर त्याला थायमिडिन समजून जोडतं. जोडलं की संपलं. पुढचा डबा अडकवायला जागाच नाही. गाडी अर्धवट राहते.

मग आपला स्वतःचा डीएनए बनताना हा डबा का लागत नाही? लागतो, पण फार कमी. आधी आपल्याच पेशीतल्या विकरांना एझेडटीवर एकामागून एक तीन फॉस्फेट चढवावे लागतात, तेव्हा कुठे तो जोडायला तयार होतो. विषाणूचं विकर मग हा डबा आनंदाने उचलतं. आपल्या पेशींचं पॉलिमरेज, म्हणजे डीएनए जोडणारं मुख्य विकर, मात्र त्याला सहसा हात लावत नाही. शिवाय चुकीचा डबा लागलाच तर तो काढून टाकणारी तपासणीची सोय आपल्याकडे आहे, विषाणूच्या विकरात ती नाही. तरीही बचाव पूर्ण नाही. रक्तपेशी बनवणाऱ्या अस्थिमज्जेला फटका बसतो आणि एझेडटी घेणाऱ्या काहींचं हिमोग्लोबिन घसरतं.

१९८७ मध्ये अमेरिकेत एझेडटीला मंजुरी मिळाली. पण एकट्याने ते फार काळ टिकेना. विषाणूत असे बदल होत की त्याचं विकर तो बिनकडीचा डबा पुन्हा उपटून काढू शके. कायमच्या उपचारासाठी म्हणूनच तीन औषधं एकत्र द्यावी लागतात. पण बाळाला वाचवण्याची लढाई थोड्याच महिन्यांची असते, आणि तिथे या एकाच रेणूने कमाल केली.

आईकडून बाळाला एचआयव्ही तीन वाटांनी जाऊ शकतो. गरोदरपणात वारेतून (प्लासेंटामधून), बाळंतपणात रक्त आणि स्रावांतून, आणि नंतर अंगावरच्या दुधातून. काहीच उपचार नसले तर शंभरात १५ ते ४५ बाळांना लागण होते. म्हणजे तेव्हाही निम्म्याहून जास्त बाळं सुटतात, हे लोकांना खरं वाटत नाही. 'आईला आहे म्हणजे बाळाला असणारच' हा समज मी शिकलेल्या घरांतही ऐकला आहे. वार ही चांगलीच भिंत आहे. सर्वाधिक धोका बाळंतपणाच्या तासांत असतो, आणि आईच्या रक्तात विषाणू जितके जास्त तितका तो वाढतो.

अमेरिका आणि फ्रान्समध्ये झालेल्या चाचणीत आईला गरोदरपणी गोळ्या, कळा सुरू झाल्यावर शिरेतून आणि बाळाला सहा आठवडे सिरप, असं एझेडटी दिलं. औषध न दिलेल्या गटात २५.५ टक्के बाळांना लागण झाली, दिलेल्या गटात ८.३ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की १९९४ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवून सगळ्या आयांना औषध देऊ केलं.

आज याहून बरंच पुढे आलो आहोत. भारतात २०१४ पासून एचआयव्ही असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला कायमस्वरूपी उपचार मोफत मिळतात. आता या उपचाराच्या एकाच गोळीत टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर असतात. पहिली दोन पुन्हा बिनकडीचे डबेच! टेनोफोविरमध्ये तर शर्करेचं कडंच नाही, तिच्या जागी नुसती एक साधी साखळी. गोळ्या वेळेत सुरू झाल्या आणि नीट घेतल्या तर लागण शंभरात एक-दोन बाळांपर्यंत खाली येते, आणि आईला बाळ अंगावर पाजताही येतं. क्युबाने २०१५ मध्ये आईकडून बाळाला होणारी लागण जवळपास संपवल्याचं जागतिक आरोग्य संघटनेने मान्य केलं. पुढे थायलंड आणि श्रीलंकाही त्या यादीत आले. या सगळ्याची पहिली पायरी म्हणजे गरोदरपणाच्या सुरुवातीलाच केलेली एक रक्ततपासणी.

बाळ जन्मल्यावर घरच्यांना घाई असते, 'टेस्ट करा, सांगा'. पण साधी टेस्ट इथे फसवते. ती विषाणू शोधत नाही, त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं शोधते, आणि ती आईची प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात. अठरा महिन्यांपर्यंत ती रेंगाळू शकतात. लागण नसलेलं बाळही तोवर 'पॉझिटिव्ह' दिसू शकतं, आणि एवढ्या एका कागदावरून घरात रडारड होते. म्हणून सहा आठवड्यांच्या बाळाच्या टाचेला टोचून एका जाड कागदी कार्डावरच्या पाच वर्तुळांत रक्ताचे थेंब घेतात. वर्तुळ पूर्ण भरावं लागतं. कार्ड उन्हात न धरता आडवं ठेवून वाळवतात आणि ओल शोषणाऱ्या पुडीसोबत पिशवीत घालून प्रयोगशाळेला पाठवतात.

तिथे त्या वाळक्या रक्तात विषाणूचं आनुवंशिक द्रव्य आहे का ते पीसीआरने, म्हणजे डीएनएच्या प्रती काढत जाणाऱ्या तपासणीने, पाहतात. त्या नळीतही गाडीच जोडली जाते, पण कडी शाबूत असलेल्या डब्यांची. विषाणूचा एखादा तुकडा जरी असला तरी त्याच्या प्रती दुपटीने वाढत जातात. काहीच नसलं तर डबे तसेच पडून राहतात, आणि अहवालावर लिहून येतं, 'आढळला नाही'.