फोल्सिडी (लांबपायी कोळी)

अष्टपाद वर्गाच्या कोळी गणातील एक कुल. छताचे कोपरे, जिन्याखालची अडगळ, तळघरे आणि गुहा येथे विरळ, विस्कळीत जाळ्यात उलटे लटकणारे कोळी बहुधा याच कुलातील असतात. कार्ल लुडविग कॉख यांनी १८५० मध्ये हे कुल मांडले. त्यातील फोल्कस ही प्रजाती (जवळच्या जातींचा गट) वाल्केनेर यांनी १८०५ मध्येच वर्णिली होती.

नुसत्या लांब पायांवरून ओळख पटवू नये. तसेच पाय असलेल्या ओपिलिओनीस गणातील प्राण्यांचे शिरोवक्ष (डोके व छाती मिळून झालेला भाग) व उदर एकसंध दिसते, डोळे दोनच असतात आणि त्यांना जाळे विणता येत नाही. फोल्सिडी कुलातील कोळ्यांचे उदर बारीक देठाने शिरोवक्षाला जोडलेले असते, तर डोळे तीन-तीनच्या दोन पुंजक्यांत असून पुढे मध्यभागी बहुधा आणखी एक जोडी असते. जाळ्याला धक्का लागताच हे कोळी इतके वेगाने झुलतात की शरीर धूसर दिसते. मादी मोजक्या धाग्यांत गुंडाळलेली अंडी जबड्यांत धरून वावरते.

वर्गीकरणाचा खरा पेच कुलाच्या आत आहे. पूर्वी डोळ्यांची संख्या व उदराचा आकार यांवर बराच भर असे. परंतु डोळ्यांची मधली जोडी अनेक शाखांत स्वतंत्रपणे नाहीशी झालेली दिसते आणि लांबट उदरही एकाहून अधिक वेळा उद्भवले असावे. त्यामुळे ही लक्षणे नातेसंबंध ठरवण्यास अपुरी पडतात. नराच्या स्पर्शपादावरील (तोंडाजवळच्या पायासारख्या उपांगावरील) प्रोकर्सस हा गुंतागुंतीचा अवयव आणि मादीच्या जननांगांची रचना अधिक भरवशाची मानावी लागते. कोळीतज्ज्ञ बर्नहार्ड ह्यूबर यांच्या मांडणीनुसार निनेटिनी, आर्टेमिनी, मोडिसिमिनी, स्मेरिंगोपिनी व फोल्सिनी ही पाच उपकुले आज सामान्यतः स्वीकारली जातात.

क्रॉसोप्रायझा लायोनी ही भारतातील घरांत सर्रास आढळणारी जाती आहे. तिच्या उदराचा मागचा भाग वर कोनासारखा उंचावलेला असतो व पायांवर गडद ठिपके असतात. ब्लॅकवॉल यांनी १८६७ मध्ये तिचे वर्णन केले. माणसाबरोबर ती बहुतेक उष्ण प्रदेशांत पसरल्याने मूळस्थानाविषयी निश्चित विधान कठीण आहे. तथापि ती आशियातील असावी, हे मत अधिक ग्राह्य वाटते. आर्टेमा अटलांटा या मोठ्या, गोलसर उदराच्या जातीच्या जुन्या नोंदी मात्र जपून वापराव्यात, कारण २०१७ मधील पुनरीक्षणानुसार तिच्या नावाखाली आर्टेमा डोरी या दुसऱ्या जातीचे नमुनेही नोंदले गेले होते.