पार्श्वभूमी: अल्झायमरला ‘वय झालं’ कोणी म्हटलं?

मुंबईत सरकारी-पालिका रुग्णालयाच्या न्यूरॉलॉजी ओपीडीत असो की खासगी दवाखान्यात, अल्झायमरचा रुग्ण सहसा उशिरा पोचतो. ‘साठी बुद्धी नाठी’ म्हणत घरच्यांनी बरंच चालवून घेतलेलं असतं. यात एकट्या घरच्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वैद्यकशास्त्रानेही जवळजवळ साठ वर्षं हेच म्हटलं.

नोव्हेंबर १९०१ मध्ये फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात आउगुस्टे डेटर ही ५१ वर्षांची बाई दाखल झाली. नवऱ्यावर नाहक संशय घ्यायची, वस्तू लपवून ठेवायची, स्वयंपाकात चुकायची. डॉ. आलोइस अल्झायमर यांनी तिची उत्तरं जशीच्या तशी लिहून ठेवली. नाव? आउगुस्टे. आडनाव? आउगुस्टे. नवऱ्याचं नाव? बहुतेक आउगुस्टे. ताटात फ्लॉवर आणि डुकराचं मांस होतं. काय खाताय, तर म्हणाली पालक. ही फाइल पुढे गहाळ झाली आणि थेट १९९५ मध्ये फ्रँकफुर्टलाच सापडली.

एप्रिल १९०६ मध्ये ती वारली. अल्झायमर तोवर म्युनिकला गेले होते. मेंदू तिकडे पाठवला गेला. बिएलशोव्स्की यांची चांदीच्या क्षाराने रंगवण्याची पद्धत तेव्हा नवी होती. त्या रंगात पेशींच्या आत जाड तंतूंचे गुंते दिसले आणि पेशींच्या बाहेर ठिपक्याठिपक्यांनी साचलेला पदार्थ. आज आपण त्यांना, त्यांतल्या प्रथिनांच्या नावांवरून, टाऊचे गुंते आणि अमायलॉइडचे प्लाक म्हणतो. अल्झायमर यांनी हे सगळं त्याच वर्षी नोव्हेंबरात ट्युबिंगेनच्या सभेत मांडलं.

पुढच्याच वर्षी प्रागमध्ये ऑस्कर फिशर यांना म्हाताऱ्या रुग्णांच्या मेंदूतही तसेच प्लाक दिसले. म्हणजे तरुण आणि वृद्ध रुग्णांत एकच बिघाड असावा, याचा पुरावा १९०७ मध्येच हाताशी होता. पण १९१० मध्ये अल्झायमर यांचे वरिष्ठ एमिल क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात ‘अल्झायमरचा आजार’ हे नाव दिलं, ते वार्धक्याआधी होणाऱ्या दुर्मिळ प्रकाराला. सत्तरीतल्या माणसाची तीच लक्षणं ‘वार्धक्याचा स्मृतिभ्रंश’ ठरली आणि खापर रक्तवाहिन्या कडक होण्यावर फुटलं. आजारच नाही म्हटल्यावर संशोधन कशावर करणार?

ही रेघ पुसायला सुरुवात केली ती इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी. वृद्धांच्या हयातीत चाचण्या घ्यायच्या आणि मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूतले प्लाक मोजायचे, असं किचकट काम त्यांनी केलं. प्लाक जितके जास्त, तितकी हयातीतली घसरण मोठी, हा १९६८ चा निष्कर्ष. १९७६ मध्ये अमेरिकी न्यूरॉलॉजिस्ट रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका छोट्या संपादकीयात स्पष्ट लिहिलं की वयावरून केलेला हा भेद निराधार आहे आणि हा आजार मोठ्या मारेकऱ्यांपैकी एक आहे. दुर्मिळ आजार एका झटक्यात सर्वसामान्य झाला.

लक्षणांचा क्रम असा का, हे १९९१ मध्ये हाइको आणि एवा ब्राक यांनी दाखवलं. टाऊचे गुंते हिप्पोकॅम्पस या मेंदूतल्या स्मृतीच्या केंद्राला लागून असलेल्या भागात सुरू होतात. नवी आठवण साठवण्याचं काम नेमकं तिथलं. म्हणून चाळीतल्या पन्नास वर्षांपूर्वीच्या शेजाऱ्यांची नावं मजल्यागणिक सांगणारे आजोबा सकाळचा चहा झाला की नाही हे चार वेळा विचारतात. घरचे मात्र कौतुकाने म्हणतात, ‘यांची स्मरणशक्ती आमच्यापेक्षा चांगली!’ निदान लांबतं ते याच वाक्यावर. पुढे गुंते मेंदूच्या मागच्या आणि बाजूच्या भागांत पसरले की दादरला गाडी बदलताना गोंधळ, चेक लिहिताना चुका, साडी नेसताना निऱ्या न जमणं. शेवटच्या टप्प्यात गिळणं बिघडतं, घास श्वासनलिकेत जातो आणि न्यूमोनिया होतो.

औषधांचा इतिहासही १९७६ च्याच आसपास सुरू होतो. या रुग्णांच्या मेंदूत अॅसिटिलकोलिन हे पेशींमधले निरोप पोचवणारं रसायन तयार करणारं एन्झाइम फार कमी असल्याचं तेव्हा आढळलं. मग उरलेलं अॅसिटिलकोलिन मोडू न देणारी औषधं आली. अमेरिकेत पहिलं टॅक्रिन, १९९३ मध्ये. ते यकृताला बाधायचं. १९९६ मध्ये डोनेपेझिल आलं आणि ते टिकलं. रात्री ५ मिलिग्रॅम, चार-सहा आठवड्यांनी १० मिलिग्रॅम. घाईने डोस वाढवला की मळमळ-जुलाब होतात. भयानक स्वप्नं पडू लागली तर डॉक्टर गोळी सकाळी घ्यायला सांगतात. नाडी आधीच मंद असेल तर सुरू करण्यापूर्वी ईसीजी हवा, नाहीतर चक्कर येऊन पडण्याचा धोका असतो. याच गटातल्या रिव्हास्टिग्मिनची पट्टी पाठीवर लावतात, म्हणजे रुग्णाचा हात पोचत नाही. इथली नेहमीची चूक अशी की जुनी पट्टी न काढता नवी लावली जाते. दुप्पट औषध अंगात जातं, उलट्या सुरू होतात. मेमँटिनचं काम वेगळं, ते ग्लुटामेट या मेंदूतल्या दुसऱ्या रसायनावर. मध्यम ते तीव्र टप्प्यात देतात, दर आठवड्याला ५ मिलिग्रॅम वाढवत २० पर्यंत.

यातलं कोणतंही औषध आजार थांबवत नाही. थोडा काळ कामकाज बरं चालतं, इतकंच. आणि तेवढा फायदाही दुसऱ्या डॉक्टरच्या चिठ्ठीत वाया जाऊ शकतो: वारंवार लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी अॅमिट्रिप्टिलिन. दोन्ही अॅसिटिलकोलिनच्या विरुद्ध काम करतात. सगळ्या गोळ्यांची पिशवी प्रत्येक भेटीला न्यावी ती यासाठी.

मुळावर घाव घालायचे प्रयत्न अमायलॉइडच्या वाटेने गेले. १९८४ मध्ये ग्लेनर आणि वाँग यांनी अमायलॉइड-बीटा वेगळं काढलं; त्याविरुद्धच्या लशीची चाचणी मेंदूला सूज आल्याने २००२ मध्ये बंद पडली. २०२३ मध्ये अमेरिकेत पूर्ण मान्यता मिळालेलं लेकानेमॅब हे अमायलॉइडविरोधी औषध सुरुवातीला दर दोन आठवड्यांनी शिरेतून देतात. १८ महिन्यांत घसरण २७ टक्के मंदावली. आकडा मोठा वाटतो, पण आजाराची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या मोजपट्टीवर तो फरक अर्ध्या गुणाहूनही कमी आहे. शिवाय मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्रावाचा धोका असल्याने पुन्हा पुन्हा एमआरआय करावा लागतो. अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या एपीओई-४ या जनुक-प्रकाराच्या दोन्ही प्रती असणाऱ्यांना हा धोका सर्वांत जास्त. हे औषध फक्त सुरुवातीच्या टप्प्यासाठी आहे, म्हणजे उशिरा आलेल्याला ते मिळणारच नाही.

मुंबईचाही या इतिहासात एक आकडा आहे. ४० वर्षांवरच्या २४ हजारांहून अधिक मुंबईकरांची पाहणी २००१ मध्ये प्रसिद्ध झाली: पासष्टीपुढच्यांत स्मृतिभ्रंश २.४४ टक्के. २०२३ च्या राष्ट्रीय अंदाजात साठीपुढच्यांत हेच प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. वयोगट आणि पद्धती वेगळ्या असल्याने थेट तुलना चुकीची ठरेल. पण एक अडचण दोन्हीकडे आहे. ‘रोजचा व्यवहार बिघडला’ हा निदानाचा निकष आहे आणि ज्या आजीला घरात कोणी हिशेब, बँक, बाजार करूच देत नाही, तिचा व्यवहार बिघडलेला दिसणार कसा? चाचण्यांचंही तसंच. १९७५ ची एमएमएसई ही स्मृती आणि आकलनाची ३० गुणांची चाचणी शंभरातून सात-सात वजा करायला लावते. शाळेत न गेलेल्या माणसाचे गुण तिथे आजाराविना जातात. हरियाणातल्या बल्लभगढच्या अभ्यासासाठी तिचं हिंदी रूप तयार झालं ते याचसाठी.

अल्झायमरचा शिक्का मारण्याआधी बी-१२, थायरॉइड आणि मेंदूचा स्कॅन हवाच. शाकाहारी घरांत बी-१२ ची कमतरता सर्रास आढळते, आणि महिन्यापूर्वी बाथरूममध्ये पडलेल्या आजोबांच्या कवटीखाली रक्त साकळलेलं असू शकतं. दोन्हींवर इलाज आहे. विसराळूपणा चार दिवसांत अचानक वाढला तर आधी लघवीची तपासणी करावी. वृद्धांत जंतुसंसर्ग तापाविना फक्त गोंधळ घेऊन येऊ शकतो.

उशिराचा एक फटका कागदोपत्रीही बसतो. आईने शुद्धीत असताना केलेलं मुखत्यारपत्र, १८७२ च्या करार कायद्यानुसार, तिची समज गेली की संपतं. मग तिच्या खात्यातून तिच्याच उपचाराचे पैसे काढायला मुलांना पालक म्हणून नेमणूक मिळवण्यासाठी उच्च न्यायालयात अर्ज करावा लागू शकतो. मृत्युपत्र, संयुक्त खातं, नामनिर्देशन ही कामं निदान झाल्या झाल्या, सही ओळखीची आहे तोवर उरकावी लागतात.