पॅकिंग की सिलिकॉन? गिअरबॉक्स बंद करण्यापूर्वी

ऊसतोडीचा हंगाम तोंडावर आला की सोलापूर जिल्ह्यात ट्रॅक्टरचे गिअरबॉक्स आणि मागची हाऊसिंग उघडू लागतात. दोन भागांच्या जोडातून तेल गळू नये म्हणून बसवलेलं जुनं पॅकिंग (गॅस्केट) खरवडताना फाटतं, नवं लगेच मिळत नाही, आणि मग सिलिकॉनची ट्यूब हातात येते. काही ठिकाणी ते चालतं. काही ठिकाणी बेअरिंग जातं.

म्हणून आधी एवढंच तपासा: पॅकिंगची जाडी कुठल्या मापात धरली आहे का? नुसत्या झाकणाला फरक पडत नाही. पण टेपर बेअरिंग दाबून धरणाऱ्या एंड कव्हरखाली अर्ध्या मिलिमीटरचं पॅकिंग असेल, तर शाफ्टचा प्ले (पुढे-मागे हलण्याची मोकळीक) त्या अर्ध्या मिलिमीटरवरच ठरलेला असतो. तिथे सिलिकॉन लावून बोल्ट आवळले की थर जवळजवळ उरतच नाही. कव्हर आत सरकतं, बेअरिंगवर दाब वाढतो, ते तापून निळं पडतं. अशा ठिकाणी जुन्या पॅकिंगचा दबलेला तुकडा मायक्रोमीटरने मोजा, तेवढ्याच जाडीचं नवं बसवा आणि प्ले डायल गेजने पुन्हा बघा.

पॅकिंगवर वरून सिलिकॉन चोपडलं तर दुप्पट पक्कं, ही समजूत अगदी चुकीची आहे. ओलं सिलिकॉन वंगणासारखं वागतं आणि आवळताना कागदी पॅकिंग बाहेर घसरतं. पॅकिंग कोरडंच बसवा. जागेवर टिकत नसेल तर ग्रीसचं बोट पुरे.

डिफरन्सचं (मागच्या चाकांना फिरवणाऱ्या डिफरन्शियलचं) पत्र्याचं कव्हर मात्र सिलिकॉनसाठी योग्य. आधी कव्हर सपाट पृष्ठभागावर ठेवून बघा: पूर्वी जास्त आवळल्यामुळे भोकांच्या कडा उचललेल्या असतात, त्या हातोडीने बसवा. जुना थर प्लॅस्टिकच्या पट्टीने काढा. ग्राइंडरवरची खरखरीत चकती अ‍ॅल्युमिनियमवर फिरवू नका. तिचा कण तेलात उतरला की बेअरिंग घासत राहतो. तेलाचा अंश ब्रेक क्लीनरने पुसा. मग 3 ते 4 मिलिमीटरची अखंड रेघ, प्रत्येक भोकाच्या आतल्या बाजूने वळवून घ्या. जास्त लावलेलं आत पिळलं जातं, तुटून तेलाच्या जाळीत अडकतं. आरपार नसलेल्या भोकात तेल किंवा सिलिकॉन साचलं असेल, तर बोल्ट ते दाबतो आणि कास्टिंगला तडा जाऊ शकतो.

सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने घट्ट होतं, साधारण 24 तासांत 2 ते 3 मिलिमीटर. एप्रिल-मेमध्ये इथे पारा चाळिशीपार आणि हवा कोरडी, त्यामुळे वेळ वाढतो. उन्हात लवकर वाळेल या हिशेबाने तासाभरात तेल भरू नका. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन तर घेऊच नका, त्यातून सुटणारं आम्ल धातू गंजवतं.

मशीन केलेल्या दोन जाड पृष्ठभागांत अ‍ॅनरोबिक सीलंट अधिक चांगलं. ते हवा नसेल तिथेच, धातूच्या स्पर्शाने जमतं, त्यामुळे आत सांडलेलं द्रवच राहतं आणि तेलात मिसळून जातं. फट पाव मिलिमीटरच्या आत हवी. लोखंडी हाऊसिंगवर लांब अ‍ॅल्युमिनियम कव्हर असेल तर विचार करा: 300 मिलिमीटर लांबीत तापमान 70 अंशांनी वाढलं की दोन धातूंच्या प्रसरणात सुमारे पाव मिलिमीटरचा फरक पडतो. हे सरकणं लवचीक सिलिकॉन सोसतं.

तेल भरण्याआधी ब्रीदर (हाऊसिंगमधली हवा बाहेर सोडणारा भाग) काढून फुंकून पाहा. काळ्या मातीच्या चिखलाने तो बुजतो. हाऊसिंगमधली हवा 30 वरून 100 अंशांवर गेली आणि बाहेर पडायला वाट नसली, तर दाब जवळपास सव्वापट होतो, म्हणजे सुमारे साडेतीन पीएसआय जास्त. तेवढ्याने नव्या जोडातून किंवा ऑइल सीलमधून तेल पाझरू लागतं, आणि बिचारं कव्हर पुन्हा उघडलं जातं.