बदकाच्या आवाजाला प्रतिध्वनी नसतो का?

‘बदकाच्या आवाजाचा प्रतिध्वनी उमटत नाही आणि त्याचे कारण कोणालाच ठाऊक नाही,’ हा संदेश अनेक वर्षे फिरत आहे. तो खरा वाटणे स्वाभाविक आहे, कारण सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर हळदी-कुंकू बदके ओरडतात तेव्हा आपल्याला खरोखरच प्रतिध्वनी ऐकू येत नाही.

मात्र त्याचे कारण बदकात नसून जागेत आहे. ध्वनी सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो आणि मूळ आवाज व प्रतिध्वनी वेगळे ऐकू येण्यासाठी साधारण एक दशांश सेकंदाचे अंतर लागते; म्हणजेच समोर किमान १७ मीटरवर उंच, टणक पृष्ठभाग हवा. उघड्या पाण्यावर तो नसतो. शिवाय बदकाचा आवाज एकदम न तुटता विरत जातो, त्यामुळे क्षीण प्रतिध्वनी त्याच्या शेपटातच मिसळतो.

पडताळणीसाठी बदकाचा आवाज काढणारी स्वस्त प्लॅस्टिकची पिपाणी पुरते. परदेशांत शिकारी बदकांना जवळ बोलावण्यासाठी ती वापरतात. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य बदकांच्या शिकारीस बंदी आहे, म्हणून हा प्रयोग तलावाकाठी करू नये. भुईकोट किल्ल्याच्या तटासारख्या सलग भिंतीपासून ३४ मीटरवर, शांत वेळी, आधी टाळी वाजवावी. प्रतिध्वनी एक पंचमांश सेकंदाने येईल. मग पिपाणी आखूड फुंकून एकदम थांबावे. आतली पातळ पट्टी किंचित आखूड केल्यास स्वर चढतो, पण कापलेली पट्टी पुन्हा वाढत नाही, तेव्हा कात्री जपूनच चालवावी.