साहेबांचं पत्र: शिफारस, पाठपुरावा आणि शेरा यांची पार्श्वभूमी

आमदार किंवा खासदाराच्या कार्यालयातून सरकारी खात्याला जाणाऱ्या पत्राचा शेवट बहुतेक ठरलेला असतो. ‘तरी सदर प्रकरणी नियमानुसार योग्य ती कार्यवाही करून, केलेल्या कार्यवाहीबाबत मला अवगत करावे.’ या एका वाक्यात दोन मागण्या आहेत. पत्र हातात घेऊन निघालेल्या माणसाचा जीव पहिलीत अडकलेला असतो: कार्यवाही करा, म्हणजे माझं काम करा. कागद खरोखर हलतो तो दुसरीमुळे, कारण ‘अवगत करावे’ म्हटल्यावर कुणाला तरी सही करून उत्तर द्यावं लागतं. गेल्या पाऊणशे वर्षांत या दोन मागण्या एकमेकींत इतक्या गुंतल्या की आज ‘पत्र आणलं’ म्हणजे नेमकं काय आणलं, हे अर्जदारालाही सांगता येत नाही आणि बाबूलाही.

दुसऱ्यासाठी सरकारशी बोलायचं तर त्याचा अधिकार कुठून येतो, हा प्रश्न आपल्याकडे निवडणुकांच्याही आधी विचारला गेला होता. पुण्यात २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेल्या सार्वजनिक सभेने त्यावर साधा उपाय काढला. सुमारे सहा हजार लोकांच्या सह्यांची मुखत्यारपत्रं घेतली आणि त्यांच्या आधारावर ९५ जण प्रतिनिधी झाले. सरकारने ‘तुम्ही कोण?’ असं विचारलं तर दाखवायला कागद हवा, हा त्यामागचा विचार. पुढे कौन्सिलं आली, १९३७ चं प्रांतिक मंत्रिमंडळ आलं, १९५२ ची सार्वत्रिक निवडणूक झाली आणि मुखत्यारपत्राची जागा मतपत्रिकेने घेतली. मात्र मतपत्रिकेवर अधिकाराचा तपशील लिहिलेला नसतो. निवडून आलेल्या माणसाला कायदा करण्याचा, प्रश्न विचारण्याचा अधिकार मिळाला. एखाद्याच्या अडलेल्या सातबाऱ्याबद्दल तहसीलदाराला पत्र लिहिण्याचा अधिकार कोणत्याही कलमात नाही. तो रिवाजाने आला.

ग्रामीण महाराष्ट्रात हा रिवाज पक्का झाला १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्यावर. त्या काळात आमदारापेक्षा पंचायत समितीचा सभापती जवळचा. शिक्षकाची नेमणूक, विहिरीचं कर्ज, पाझर तलाव, सगळं त्याच्या शब्दावर. १९७२ च्या दुष्काळात तर ‘काम काढा’ म्हणून गावंच्या गावं त्याच्या दारात उभी राहिली. काम कुठे निघेल, कुणाच्या शिवारात निघेल, हे विनवणीवर ठरे. मग रोजगार हमीचा कायदा झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. आता मजुराने नमुना ४ भरून काम मागायचं आणि सरकारने पंधरा दिवसांत द्यायचं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली ही सर्वांत मोलाची घटना आहे आणि तिची आठवण या संदर्भात फारशी काढली जात नाही. जे काल सभापतीच्या मर्जीवर होतं, ते एका छापील नमुन्यावर आलं. नमुना मिळत नसे, पोच मिळत नसे, हे खरंच. पण ‘माझा नमुना ४ का घेतला नाही?’ असा प्रश्न घेऊन पुढाऱ्याकडे जाणारी बाई आणि ‘साहेब, काही तरी काम द्या’ म्हणणारी बाई, या दोघींच्या उभं राहण्यात फरक होता.

शहरांत याच सुमारास उलटं घडत होतं. टेलिफोनसाठी वर्षानुवर्षांची प्रतीक्षायादी, गॅसच्या जोडणीसाठीही तीच गत. खासदारांना दूरध्वनीची शिफारस करता येई, गॅसची कुपनं त्यांच्याकडे असत. रेल्वेच्या आपत्कालीन कोट्यासाठी त्यांचं पत्र आजही चालतं. केंद्रीय विद्यालयातल्या प्रवेशाचा कोटा वाढत वाढत प्रत्येक खासदारामागे वर्षाला दहापर्यंत गेला, तो २०२२ मध्ये बंद झाला. यांपैकी कशातही गैर नव्हतं, नियमानेच दिलेल्या सवलती होत्या त्या. नुकसान झालं ते लोकांच्या समजुतीचं. पत्र म्हणजे रांग ओलांडायचा परवाना, हे डोक्यात बसलं. ज्या पत्रामागे कोटा असतो ते आणि ज्याच्यामागे काहीच नसतं ते, एकाच लेटरहेडवर, एकाच सहीने, जावक क्रमांक घालून निघतं. घेणाऱ्याला फरक कसा कळावा?

गोंधळाचं मूळ आहे ते ‘शिफारस’ या शब्दात. तीन वेगळ्या गोष्टींना आपण हा एकच शब्द वापरतो. कोट्यातल्या प्रवेशाचं पत्र ही शिफारस. कर्मचाऱ्याने आपली बदली सोयीच्या गावी व्हावी म्हणून आणलेलं पत्र, तीही शिफारस. आणि विधवा बाईचं निवृत्तिवेतन आठ महिने का अडलं, असं विचारणारं पत्र, त्यालाही शिफारसच म्हणतात. पहिलीला नियमाचा आधार होता. दुसरीला सेवेच्या वर्तणूक नियमांनी मज्जाव केला आहे, आणि आमदाराच्या पत्रावरून झालेल्या बदल्या न्यायालयांनी वेळोवेळी रद्दही केल्या आहेत. तिसरी खरं तर शिफारस नाहीच, तो पाठपुरावा आहे. बाईचा हक्क आधीच सिद्ध आहे, अडलाय तो कागद. पण बदल्यांच्या पत्रांची बदनामी तिच्याही पत्राला चिकटते आणि कार्यासनावरचा, म्हणजे तो विषय हाताळणाऱ्या टेबलावरचा, लिपिक तिच्या अर्जाकडेही ‘वरून आलेलं’ म्हणून बघतो.

त्यात शेऱ्याची भर. पत्र मंत्र्यांकडे गेलं की समासात हिरव्या किंवा लाल शाईत दोन शब्द पडतात: ‘तपासून सादर करावे’, ‘नियमानुसार करावे’, कधी नुसतंच ‘करावे’. मंत्रालयातून खाली उतरणारा माणूस त्या ‘करावे’ची झेरॉक्स काढून प्लास्टिकच्या पिशवीत घालून गावी आणतो. त्याच्या दृष्टीने काम झालेलं असतं. शेरा म्हणजे आदेश की सूचना, यावर सरकार दरबारी वर्षानुवर्षं वाद चालला. एक बाजू म्हणते, मंत्री हा खात्याचा प्रमुख, त्याने लिहिलं म्हणजे निर्णय झाला. दुसरी बाजू म्हणते, निर्णय नस्तीवर, म्हणजे फायलीवर, होतो. टिपणी, नियम, वित्त विभागाचं मत हे सगळं समोर ठेवून केलेली सही म्हणजे निर्णय. अर्जाच्या कोपऱ्यावर, गर्दीत उभं राहून लिहिलेले दोन शब्द म्हणजे निर्णय नव्हे. अखेर राज्य सरकारनेच परिपत्रक काढून स्पष्ट केलं की निवेदनांवरचे शेरे अंतिम समजू नयेत, नियम तपासूनच पुढे जावं.

प्रशासनाच्या दृष्टीने हे बरोबरच आहे आणि मला ते मान्य आहे. एका शेऱ्यावर जमिनी आणि परवाने वाटले जाऊ लागले तर रांगेतल्या माणसाला कुणीच उरणार नाही. पण मग ही गोष्ट शेरा घेणाऱ्याला त्याच वेळी, त्याच दालनात सांगायला हवी होती. एसटीचं भाडं खर्चून आलेल्या माणसाच्या हाती ‘करावे’ द्यायचं आणि ‘ते अंतिम नाही’ असं खात्याला कळवायचं, ही त्याची फसवणूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०१३ मध्ये तोंडी आदेशांबद्दल बजावलं, अधिकाऱ्यांनी ते लेखी नोंदवावेत असं सांगितलं, त्याने निदान ‘साहेबांचा फोन आला होता’ या प्रकाराला आळा घालायचं साधन मिळालं. शेऱ्याचं दुखणं वेगळं. तो लेखी असतो आणि तरीही आदेश नसतो.

पत्र पोचल्यावर त्याचं काय होतं तेही बघायला हवं. समजा, पत्र जिल्हाधिकाऱ्यांना लिहिलंय. टपाल शाखेत आवक क्रमांक पडतो, कार्यासनावर जातं, तिथून एक छोटं पत्र जोडून खाली येतं: ‘मूळ अर्ज यासोबत पाठवण्यात येत आहे. उचित कार्यवाही करून अर्जदारास परस्पर कळवावे.’ प्रांताकडून तहसीलदाराकडे, तहसीलदाराकडून संबंधित शाखेकडे. म्हणजे ज्या टेबलावर काम अडलं म्हणून माणूस प्रतिनिधीकडे गेला, त्याच टेबलावर त्याचं पत्र येऊन बसतं. ‘परस्पर’ या शब्दाने वरच्या सगळ्यांची जबाबदारी संपलेली असते. जाणते स्वीय सहायक म्हणूनच ‘मला अवगत करावे’ सोडत नाहीत. शिवाय वहीत तारीख टाकून महिन्याने स्मरणपत्र पाठवतात. काम होतं ते या वहीमुळे.

निराधार अनुदान योजना हे या गुंत्याचं जुनं उदाहरण. १९८० मध्ये योजना आली, तालुक्याला समिती आली, तहसीलदार सचिव आणि अध्यक्ष अशासकीय, पालकमंत्र्यांच्या पसंतीचा. म्हणजे हक्काची छाननी करणाऱ्या खुर्चीतच शिफारस बसवली. उत्पन्नाचा दाखला, वयाचा पुरावा, सगळं तयार असूनही सरकार बदललं की समित्या बरखास्त होत आणि नवी समिती बसेपर्यंत प्रकरणांचे गठ्ठे तसेच पडून राहत. अनुदान २०२३ मध्ये महिना १,५०० रुपये झालं. तेवढ्यासाठी म्हाताऱ्या माणसांनी ‘कुणाचा माणूस’ व्हावं लागणं, हे मला आजही सहन होत नाही.

खासदार निधी १९९३ च्या अखेरीस सुरू झाला, आमदारांचा निधी आज वर्षाला ५ कोटींवर आहे. तो विषय वेगळा. एवढंच नोंदवतो की निधी आल्यापासून संपर्क कार्यालयांत सभामंडप आणि रस्त्यांचे प्रस्ताव वाढले आणि एकट्या माणसाचा अर्ज फायलीत खाली गेला.

खरी कलाटणी २००५ नंतर मिळाली. माहितीच्या अधिकाराने तीस दिवसांत उत्तर मिळू लागलं. पाठोपाठ १ जुलै २००६ पासून बदल्यांचं विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणारा राज्याचा कायदा लागू झाला. त्याचा बदल्यांचा भाग गाजला, विलंबाचा भाग झाकला गेला. त्यात स्पष्ट लिहिलंय की कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांहून अधिक पडून राहू नये, आणि दुसऱ्या विभागाकडे जायची गरज नसलेली फाइल पंचेचाळीस दिवसांत निकाली निघावी. २०१५ मध्ये लोकसेवा हक्काचा कायदा आला, अधिसूचित सेवेला मुदत, दोन अपिलं, तिसरं आयोगाकडे आणि कसूर करणाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड. त्याच वर्षी तक्रारींचं संकेतस्थळही सुरू झालं. त्याआधीपासून जिल्ह्यात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी तक्रारी ऐकण्यासाठी लोकशाही दिन भरतोच आहे.

इतके मार्ग असूनही संपर्क कार्यालयांपुढची गर्दी ओसरली नाही. याचं कारण लोकांचं अज्ञान आहे असं म्हणणं सोपं आहे, पण केंद्राच्या २०११ च्या सूचना बघा. खासदाराच्या पत्राची पोच पंधरा दिवसांत, उत्तर त्यापुढच्या पंधरा दिवसांत. साध्या नागरिकाच्या पत्राला प्रत्यक्षात तेवढ्या लवकर उत्तर क्वचितच मिळतं. उत्तर ज्याला मिळतं त्याच्याकडे लोक जाणारच.

नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने लोकप्रतिनिधींशी वागण्याबद्दल नव्याने सूचना काढल्या. अधिकाऱ्याने उभं राहून स्वागत करावं, या एका ओळीवर सगळी चर्चा झाली. त्याच सूचनांत पत्रांसाठी स्वतंत्र नोंदवही ठेवावी आणि दोन महिन्यांत उत्तर द्यावं, असंही होतं. हे दोन महिने विलंबाच्या कायद्यातल्या पंचेचाळीस दिवसांहून जास्त आहेत. म्हणून पाठपुराव्याचं पत्र लिहिताना आता अर्जाचा आवक क्रमांक, तारीख आणि संपलेली मुदत पहिल्याच परिच्छेदात घालावी, आणि विनंतीच्या जागी प्रश्न लिहावा: ही फाइल सात दिवसांपेक्षा जास्त कोणाकडे राहिली?